साठाला एक कमी

लोइसला जाऊन तीन महिने झाले नाहीत तोच तिला कॉलेजचं पत्र आलं. जाड गुळगुळीत कागद, वर कानापर्यंत हसणारी एक मुलगी आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर : "लोइस, पोहोचलीसच की गं! डिग्रीपासून फक्त एक क्रेडिट दूर! आजच परत ये!"

आता मेलेल्या माणसांना पत्रं येतातच. विमेवाले पाठवतात, कानाची यंत्रं विकणारे पाठवतात. त्यांचं मला काही वाटत नाही, ती मी सरळ कचऱ्यात टाकतो. पण हे पत्र मी टाकू शकलो नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि दिवसभर त्याच्याभोवती घुटमळत राहिलो.

त्याचं असं आहे, की आमच्या बकहॉर्न काउंटीच्या कॉलेजात साठ क्रेडिट झाले की दोन वर्षांची डिग्री मिळते. ही दोन वर्षं लोइसनं बावीस वर्षं पुरवली होती. दाताच्या डॉक्टरकडे फोन घेण्याची नोकरी, घर, मी आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात एक-एक कोर्स. कधी स्पॅनिश, कधी खडकांचा अभ्यास, कधी रोमन लोक. मी मित्रांत अभिमानानं सांगायचो, "आमची लोइस कायमची विद्यार्थिनी आहे." सगळे हसायचे, तीही हसायची. तिला डिग्रीची हाव नव्हतीच, नुसतं जायला आवडायचं, अशी माझी पक्की समजूत होती. माझ्या समजुती पक्क्याच असतात. काचेच्या बरण्यांच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस पाळीप्रमुख म्हणून. समजुती कच्च्या असून तिथे भागत नाही.

तर मी कॉलेजला फोन लावला. म्हटलं, सभ्यपणे कळवावं.

"माझी बायको वारलीय," मी म्हणालो. "तिला पत्रं पाठवू नका."

"ऐकून फार वाईट वाटलं, सर," पलीकडची मुलगी म्हणाली. "पण विद्यार्थिनीबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही. कायदा आहे. त्यांची लेखी परवानगी लागेल."

"अहो, ती वारलीय."

"हो सर. त्यांनी तो फॉर्म आधीच भरून ठेवला असता तर बरं झालं असतं."

"मरणार हे आधी माहीत असतं तर तिनं फ्रीजरसुद्धा साफ करून ठेवला असता, बाई!"

"समजू शकते, सर. पण अशी कोणी विद्यार्थिनी आमच्याकडे आहे की नाही, हेसुद्धा मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"तुमचं पत्र माझ्या हातात आहे!"

"त्याबद्दलही मला बोलता येत नाही, सर. आपला दिवस छान जावो."

माझा दिवस छान जाण्याची काडीचीही शक्यता नव्हती. मी पत्र घेऊन कुंपणापाशी गेलो. कुंपणापलीकडे ग्लेन ऑस्टरहाउट राहतो. एकोणऐंशी साली तो एक सत्र कॉलेजात गेला होता आणि त्या एका सत्राच्या भांडवलावर आमच्या अख्ख्या गल्लीला आजवर शिक्षणविषयक सल्ला देत आलाय. गवत कापायचं यंत्र बंद करून त्यानं पत्र दोनदा वाचलं.

"डेल," तो म्हणाला, "तू पत्राचं शेवटचं वाक्य वाचलंस का?"

शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : मिळवलेले क्रेडिट बाद होत नाहीत, ते ट्रान्सफर करता येतात.

"ट्रान्सफर!" ग्लेन म्हणाला. "लोइसची गाडी तुझ्या नावावर कशी झाली?"

"ट्रान्सफरचा फॉर्म भरला. दहा मिनिटांत झाली."

"घर?"

"तेही झालं."

"मग क्रेडिटनंच काय घोडं मारलंय? तिचे एकोणसाठ तुझ्या नावावर चढव, उरलेला एक तू मिळव. झाले साठ! डिग्री दोघांच्या नावानं घे. बँकेतलं खातं असतं तशी."

आज हे लिहिताना मला घाम फुटतो, पण त्या दुपारी कुंपणापाशी ते मला शंभर टक्के पटलं. चौदा महिने आजारी माणसाचे कागद हाताळले की सगळं जग फॉर्मनं चालतं असं वाटायला लागतं. बरोबर फॉर्म सापडला की काम होतं. तिच्या आजारावर तेवढा बरोबर फॉर्म सापडला नव्हता. हा सापडला होता. तिचं एवढं एक काम अर्धवट राहिलं होतं आणि ते मी पुरं करणार होतो.

मी कॉलेजात अर्ज करायला बसलो. अर्ज संगणकावर. त्यानं माझ्याकडे सांकेतिक शब्द मागितला, मी दिला, तो त्याला कमकुवत वाटला. माझ्या सांकेतिक शब्दाला कमकुवत म्हणणारं हे कोण, असा विचार करत मी त्यात आकडे घातले, उद्गारचिन्ह घातलं, तेव्हा कुठे साहेबांची मर्जी बसली. मग प्रश्न सुरू झाले. शाळा कधी संपली? पंचाहत्तर साली. खेळात रस आहे का? बघण्यात आहे. घरातून कॉलेजात जाणारे तुम्ही पहिलेच का? मी "नाही" वर खूण केली. लगेच त्यानं विचारलं, आई शिकली होती की वडील? बायकोसाठी चौकोन नव्हता. मी आईवर खूण केली. आईनं आठवीत शाळा सोडली होती, पण स्वर्गात तिला वाईट वाटलं नसेल.

शेवटचा प्रश्न होता : पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? माझं वय सदुसष्ट. मी खोटं लिहिणाऱ्यांतला नाही. मी लिहिलं, "सेंट पॉल चर्चच्या मागे, लोइसच्या शेजारी." दोन मिनिटांत उत्तर आलं : "वा, डेल! सुंदर ध्येय! ते गाठायला आम्ही तुला मदत करू!"

जुलैच्या मध्यावर नव्या विद्यार्थ्यांचा परिचय-दिवस होता. तो केल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. मी इस्त्रीचा शर्ट घातला, लोइसची सगळी गुणपत्रकं, तिच्या मृत्यूचा दाखला आणि गाडीच्या ट्रान्सफरचा कागद (नमुन्यादाखल) असं एका फाइलीत घेतलं आणि सकाळी आठला व्यायामशाळेच्या दारात उभा राहिलो. दारात पिवळ्या टी-शर्टातली एक मुलगी होती. तिनं माझ्या छातीवर कागद चिकटवला : "हॅलो! मी डेल. माझा विषय : अजून ठरला नाही." चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला छातीवर हे वाक्य लावून हिंडावं लागलं तर कसं वाटेल, ते वाचकांनीच ठरवावं.

"पालक डावीकडे," दुसरी मुलगी म्हणाली.

"मी पालक नाही."

"आजोबा पण डावीकडेच!"

तीन वेळा मला उजवीकडून उचलून डावीकडे सोडण्यात आलं. चौथ्या वेळी मी नाद सोडला आणि पालकांच्या खोलीत जाऊन बसलो. तिथे डोनट होते. प्रत्येक टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता, तो कशासाठी हे मला आधी कळलं नाही. मग एक बाई उभ्या राहिल्या आणि अगदी मऊ आवाजात बोलू लागल्या.

"आजपासून घर शांत वाटेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही सवयीनं दोन ताटं घ्याल. एखादी गोष्ट सांगायला मागे वळाल आणि तिथे कोणी नसेल. हे अगदी नैसर्गिक आहे. सोडायला शिकायचं. आणि लक्षात ठेवा, थँक्सगिव्हिंगच्या सुटीत मुलं परत येणारच आहेत!"

मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. दफनाच्या दिवशी मी रडलो नव्हतो. चर्चच्या बायकांनी शेवया-चीजची नऊ पातेली आणून दिली, ती संपेपर्यंत रडलो नव्हतो. आणि तिथे, त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात अर्धा डोनट धरून मी हुंदके देऊन रडलो. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"पहिल्यांदाच घर सोडतंय का हो लेकरू?"

मी मान हलवली.

"नाव काय?"

"लोइस," मी म्हणालो.

"किती गोड जुन्या वळणाचं नाव! रमेल हो ती. सगळी रमतात. फोन नाही आला तर वाईट वाटून घेऊ नका."

मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

दुपारी कसाबसा उजवीकडे पोहोचलो. मंचावरचा तरुण डिग्र्यांचे प्रकार सांगत होता. एक प्रकार पुढे मोठ्या विद्यापीठात नेणारा, दुसराही तिकडेच नेणारा पण गणिताच्या वाटेनं, आणि तिसरा कुठेही न नेता थेट कामाला लावणारा. मी हात वर करून विचारलं, "दोघांच्या नावानं कुठला प्रकार मिळतो?" पोरं खो-खो हसली. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. त्या दिवसात मी लोकप्रिय झालो तो तेवढाच.

मग कोर्स नोंदवायचे. संगणकाच्या खोलीत सगळ्यांच्या नावावर आधी '१०१' चढवला जातो. हा एका क्रेडिटचा कोर्स : कॉलेजात कसं शिकावं, वह्या कशा ठेवाव्यात, वेळ कसा वाचवावा, वगैरे. नव्यानं आलेल्यानं पहिल्याच सत्रात घ्यायचा. आमच्या छोट्या कॅम्पसवर तो वर्षातून एकदाच असतो, ऑगस्टपासून, मंगळवारी तीन ते पाच. लोइसच्या गुणपत्रकांशी ताडून पाहिलं, तर पत्रातला उरलेला क्रेडिट हाच होता. बावीस वर्षांत लोइसनं रोमन लोक केले, ज्वालामुखी केले आणि पहिल्या दिवशीचा पहिला कोर्स तेवढा करायचा ठेवला. मी मनात म्हटलं, वेंधळी. माझं कुठलंही काम विसरली नाही आणि स्वतःचं नेमकं विसरली.

तीच नोंद घेऊन मी सल्लागारांकडे गेलो. इथे प्रत्येक विद्यार्थ्याला सल्लागार मिळतो. तुम्ही कुठे जायचं, ते तो सांगतो. माझ्या वाट्याला मिसेस योलांडा प्रूइट आल्या. पन्नाशीच्या, गळ्यात साखळीचा चष्मा, टेबलावर फायलींचे चार ढीग. मी फाइल उघडली, एकेक कागद ओळीनं मांडला आणि म्हणालो, "हे एकोणसाठ माझ्या नावावर ट्रान्सफर करा. एक मी मिळवतोय. घाई नाही."

त्यांनी गुणपत्रक बघितलं. मग मृत्यूचा दाखला बघितला. तो मात्र बराच वेळ बघितला आणि चष्मा काढून ठेवला.

"मिस्टर हॉकेनबेरी," त्या म्हणाल्या, "क्रेडिट एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जातात. एका माणसाकडून दुसऱ्याकडे नाही जात हो."

"गाडी गेली."

"गाडी कोणीही चालवू शकतं. रोमन लोकांचा पेपर लोइसनं लिहिलाय."

त्या हसल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्या हसल्या नाहीत, त्यामुळे माझी पंचाईत झाली. कान तापले. मी कागद गोळा करायला लागलो, तसा त्यांनी त्यांवर हात ठेवला.

"थांबा. मरणोत्तर डिग्रीचा अर्ज असतो. मी भरते. वचन देत नाही, पण भरते."

त्या अर्जाची हकिगत सांगायची तर वेगळी वही लागेल. त्यावर विद्यार्थ्याची सही हवी होती. मी म्हटलं, मरणोत्तर अर्जावर? खिडकीतला माणूस म्हणाला, छापलंय तर खरं. मग तिच्या माघारी तिचा कारभार माझ्याकडे आहे असा कोर्टाचा कागद लागला. तो आणला तर त्याची मूळ प्रत लागली. मूळ प्रत आणली तर म्हणाले, मूळ कशाला, नक्कल चालते. शेवटी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात समितीचं उत्तर आलं : अत्यंत खेद आहे. विद्यार्थिनी शेवटच्या सत्रात नोंदलेली नव्हती. शिवाय '१०१' हा कोर्स कोणालाही माफ होत नाही, कारण त्याशिवाय विद्यार्थ्याला कॉलेज पुरं कसं करावं हे कळत नाही. सोबत सहानुभूतीचं कार्ड जोडलं आहे.

कार्डावर हंस होता.

माझं डोकं असं फिरलं म्हणता! आणि ग्लेन कुंपणाला टेकून उभाच होता.

"अपील कर," तो म्हणाला. "चूक त्यांची आहे. बावीस वर्षांत एकानं तरी तिला सांगितलं का, की बाई, पहिला कोर्स राहिलाय? सल्लागार कशाला पोसतात मग? त्यांनी काय सल्ला दिला त्याच्या नोंदी असतात. माग त्यांच्याकडे. आत काही सापडलं नाही की समजायचं, सांगितलंच नाही. गळाच धरायचा!"

मला हे इतकं आवडलं की मी त्याला बिअर पाजली. इतके महिने मला कोणावर तरी रागवायचं होतं. डॉक्टरांवर रागवून झालं होतं, पण ते फार सज्जन निघाले. देवावर रागवायची मला सवय नाही. कॉलेज मात्र अगदी बेतशीर सापडलं. माझ्या बायकोला तुम्ही सांगितलं नाहीत! हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं. छान वाटत होतं.

मी पुन्हा मिसेस प्रूइटांकडे गेलो आणि उभ्यानंच म्हणालो, "मला लोइसच्या सल्ल्याच्या सगळ्या नोंदी हव्या आहेत. पहिल्यापासून. कोर्टाचा कागद आहे माझ्याकडे."

"कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"तुमचा हलगर्जीपणा सिद्ध करायला."

त्यांनी मला बसायला सांगितलं. मी बसलो नाही.

"मिस्टर हॉकेनबेरी, अपील मी तुम्हाला लिहून देते, माझ्याविरुद्ध लिहून देते. पण नोंदी नका मागू."

"ठेवलं ना वर्मावर बोट?" मी म्हणालो. असं बोललो मी. त्या बिचारीला.

त्या संगणकाकडे वळल्या. छापून चार पानं माझ्या हातात दिली. "शेवटच्या पाच माझ्या हातच्या आहेत," एवढंच म्हणाल्या. मी ती पानं विजयी मुद्रेनं घेतली, गाडीत येऊन बसलो आणि चूक शोधायला पेन काढलं.

पहिलीच नोंद होती : "१०१ राहिल्याचं विद्यार्थिनीला सांगितलं. नाव नोंदवलं. चार दिवसांनी रद्द. नवऱ्याची पाळी दुपारची झाली, त्याला सोडावं लागतं, गाडी एकच."

दुसरी, दोन वर्षांनंतरची : "१०१ नोंदवला. रद्द. नवऱ्याचा हर्निया."

तिसरी : "रद्द. नवऱ्याची आई राहायला आली आहे, मंगळवारी तिला डायलिसिसला न्यावं लागतं."

माझी आई. तिला कोण नेत होतं हे मी कधी विचारलं नव्हतं. ती जाते आणि येते एवढं मला माहीत होतं.

मग एक होती, "नवऱ्याच्या बोलिंगचा दिवस बदलून मंगळवार झाला." मला ते वर्ष आठवलं. चेंडू गडगडवून खुंट्या पाडायच्या त्या खेळात आम्ही काउंटीत तिसरे आलो होतो, त्याचा चषक अजून दिवाणखान्यात आहे. मग दुसरी गाडी आली होती, मला सुटीत मासे धरायला जाण्यासाठी, त्या वर्षीची नोंद सांगत होती, "गाडीचा प्रश्न सुटला. वर्ग पाचला सुटतो, घर पंचवीस मिनिटांवर. नवरा पाचला जेवतो. रद्द." आणि त्याखाली, "मी विचारलं, बाई, तो अर्धा तास थांबणार नाही का? यावर त्या हसल्या," असं कोणीतरी लिहून ठेवलं होतं. कोणी ते मला माहीत नाही. त्या माणसाला माझ्याविषयी काय वाटलं असेल ते मात्र कळलं.

एकदा तो वर्ग घरबसल्या संगणकावर निघाला. मिसेस प्रूइटांची नोंद : "खूश होत्या. दुसऱ्या आठवड्यात सोडला. नवरा निवृत्त झालाय, दिवसभर घरी असतो, दर पाच मिनिटांनी हाक मारतो. म्हणाल्या, नुकतंच काम सुटलंय बिचाऱ्याचं, त्याला रुळू दे."

अकरा वेळा नाव नोंदवलं होतं तिनं. दहा वेळा आड आलो मी.

तिनं मला एकदाही सांगितलं नाही. मी पुष्कळ आठवून पाहिलं. ऑगस्टच्या शेवटी ती दोन-तीन दिवस गप्प असायची, एवढं आठवतं. मी म्हणायचो, "काय झालं गं?" आणि ती म्हणायची, "काही नाही रे. उकडतंय." आणि मी पंखा वाढवायचो. मला वाटायचं, आपण फार काळजी घेतो.

शेवटची नोंद मागच्या ऑगस्टची होती. "१०१ रद्द. तब्येत. म्हणाल्या, पुढच्या वर्षी नक्की. जाताना दारातून विचारलं, पदवीदानाला किती माणसं आणता येतात? मी सांगितलं, हवी तेवढी. म्हणाल्या, मला एकच आणायचाय."

हातातलं पेन कुठे पडलं ते कळलं नाही. त्या गाडीतळावर मी किती वेळ बसलो तेही कळलं नाही. एक माणूस येऊन काचेवर टकटक करून गेला, ही जागा कर्मचाऱ्यांची आहे म्हणाला. मी म्हटलं, हो, हलवतो. आणि हलवली नाही. लोइस, लोइस, एकदा ओरडायचंस तरी गं माझ्यावर! ताट आदळायचंस. पाचाऐवजी साडेपाचला जेवून मी मरणार नव्हतो.

शेवटी उतरलो आणि पुन्हा आत गेलो. मिसेस प्रूइट तिथेच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि रुमालांचा डबा पुढे सरकवला. प्रत्येक खोलीत का ठेवतात, ते मला आता कळत होतं.

"अपील नको," मी म्हणालो.

"बरं."

"मघाशी मी जे बोललो..."

"मघाशी तुम्ही काही बोलला नाहीत," त्या म्हणाल्या. मग, संगणकाकडे बघत : "तुमचं स्वतःचं नाव अजून १०१ मध्ये आहे. फुकट अडकलंय. काढून टाकू का? एक कळ दाबली की झालं."

ती एक कळ बायकोसाठी अकरा वेळा दाबली गेली होती. मी म्हटलं, "राहू द्या."

"त्याचा लोइसच्या डिग्रीला काही उपयोग नाही, मिस्टर हॉकेनबेरी. हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मी म्हणालो. "मंगळवारी मला दुसरं काही नसतं."

ग्लेनला मी सांगितलं, अपील फेटाळलं. त्यानं राज्यपालांना पत्र लिहायचा सल्ला दिला. मी म्हटलं, बघतो.

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी पावणेतीनलाच मी वर्गात जाऊन बसलो. वीस-बावीस जण होते. बहुतेक पोरंपोरी, दोन बायका चाळिशीच्या. त्यांतली एक कुठल्याशा दुकानाच्या गणवेशातच आली होती आणि सारखी घड्याळ बघत होती. शिकवायला मिस वोज्निक नावाची तरुण मुलगी होती, नवी असावी, कारण फार उत्साही होती. तिनं हजेरी घेतली. मग प्रत्येकाला एक कागद वाटला. वर नावाची ओळ, खाली तीन रकाने : हा कोर्स कशासाठी करताय? तो पुरा होण्यात कोणता अडथळा येऊ शकतो? त्यावर उपाय काय?

"मनापासून लिहा," ती म्हणाली. "अडथळा आधीच ओळखला, तर अर्धं काम झालं."

पोरं भराभर लिहायला लागली. शेजारचा मुलगा 'झोप' लिहून मोकळा झाला. गणवेशातली बाई पेन चावत बसली होती. मी पहिल्या रकान्यात लोइसचं नाव लिहिलं. दुसऱ्यात लिहायला मला वेळ लागला, अक्षर वेडंवाकडं आलं. तिसरा रकाना कोराच ठेवला.

मिस वोज्निक ओळीतून फिरत, एकेकाच्या खांद्यावरून वाकून बघत माझ्यापाशी आली. थांबली. म्हातारा माणूस, चष्मा घरी विसरला असेल, असं तिला वाटलं असावं. बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं ती हळूच म्हणाली, "मिस्टर हॉकेनबेरी, आपलं नाव वरच्या ओळीत लिहायचं. इथे अडथळा लिहायचाय."

"हो," मी म्हणालो. "बरोबर जागी लिहिलंय."